पाव्हणीला मोटारीतून नेणारी तुळसा

तुळसा गेली त्याला आता दोन पावसाळे झाले. पोलादपूरच्या एसटी स्टँडवर उतरले की अजून माझी नजर त्या कोपऱ्याकडे जाते, जिथे ती चैत्र-वैशाखात करवंदांची टोपली घेऊन बसायची. पानावर वाटे लावायची आणि गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की वाटा उचलून परत टोपलीत टाकायची. "नाय परवडत तर नको खाऊ. तशी पण आंबट हायत." असा धंदा करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. आणि तरी दुपारपर्यंत तिची टोपली रिकामी व्हायची. लोक तिच्याकडून चार शब्द ऐकून घ्यायलाच थांबत असावेत. मी तर थांबायचेच.

तिची वाडी कुडपणच्या वाटेवर, डोंगरात. वाडीचं नाव लिहीत नाही. ज्यांची गोष्ट सांगते आहे ती माणसं अजून तिथंच नांदतात आणि मला त्यांना चव्हाट्यावर उभं करायचं नाही. एकदा केलं, तेवढं पुरे.

करवंदं हा तुळसाचा दोन महिन्यांचा धंदा. तिचा खरा मान वेगळ्या कामाचा होता. तिकडे पोराला गोवर आला तर कुणी 'गोवर' म्हणत नाही. "घरात पाव्हणी हाय" म्हणतात. पाव्हणी म्हणजे देवी. ती पोराच्या अंगात नऊ दिवस राहते, मग जाते. ती आली की तुळसाला बोलावणं जायचं. तुळसा कडुलिंबाचे डहाळे घेऊन यायची, दारावर एक खोचायची, पोराच्या उशाला एक ठेवायची आणि नऊ दिवस तिथंच बसायची. घरात फोडणी नाही, मासळी-मटण नाही, पायात चप्पल नाही, केसाला फणी नाही. बाहेरचं माणूस नाही. औषध नाही, आणि सुई तर मुळीच नाही. सुई टोचली तर पाव्हणीला टोचते आणि ती कोपते. नवव्या दिवशी पोराला लिंबाच्या पाण्याचं न्हाण घालायचं, सुपात दहीभात घ्यायचा आणि शिवेपर्यंत जाऊन पाव्हणीची बोळवण करायची. या कामाचे तुळसाला शेरभर नाचणी आणि एक खण मिळायचा.

तिच्या हाताखालून शंभरावर पोरं गेली असतील. बहुतेक वाचली, कारण गोवर बहुतेकदा आपला आपणच बरा होतो. जी वाचली नाहीत त्यांची नावं तिला पाठ होती. हे मला फार उशिरा कळलं.

माझी तिची ओळख झाली ती भांडणातूनच. माझी सगळ्यांशीच तशी होते. मी महाडची, सातवी पास. आधी भाजीची गाडी लावायचे, आता मुलांच्या हक्कांचं काम करते. बाल न्याय कायदा मी कोर्टाजवळच्या एका वकिलाच्या बाकड्यावर बसून शंभर पानी वहीत हाताने उतरवून काढला, कारण झेरॉक्सचं दुकान बंद होतं आणि मला दम नव्हता. ती वही अजून आहे. साहेब लोक मला 'मॅडम' म्हणतात ते प्रेमाने नाही, हे मला माहीत आहे. चालतं.

मुंबईत गोवराची मोठी साथ आली त्या वर्षीची गोष्ट. कार्तिक चालू होता. वाडीतल्या येसाजींचा मुलगा किशोर मुंबईत पार्सलं पोचवायचं काम करतो. त्याची बायको सारिका आणि चार वर्षांची समीक्षा, दोघी कापणीला गावी आल्या. येताना पोरीने ताप आणला. चौथ्या दिवशी अंगभर पुरळ. पोरीला लस नव्हती. लॉकडाऊनमध्ये राहिली ती राहिलीच. येसाजींनी तुळसाला बोलावलं आणि दारावर डहाळा लागला.

वाडीची आशाताई, म्हणजे आरोग्यसेविका, ऋतिका. ती दाराबाहेरूनच पोरीला बघून आली आणि तिने मला फोन केला. पाव्हणीचा पाचवा दिवस होता. पोरीचा श्वास तिला बरा वाटला नव्हता. मी लगेच निघाले. पोलादपूरला खानावळीत जेवले आणि ऋतिकाच्या स्कूटीवर मागे बसून वर गेले.

आता माझी चूक सांगते. येसाजी ओटीवर बसले होते. सत्तरीचा माणूस, ताठ. मी चपलेसकट पायरीवर चढले. त्यांनी फक्त विचारलं, "जेवलीस काय?" मला वाटलं, माणूस रीत पाळतोय. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की जेवून आले, सुक्या बोंबलाचा रस्सा होता, झकास होता.

येसाजी उठले, आत गेले आणि दार लावून घेतलं.

ऋतिकाने कपाळाला हात लावला. मग दार बोटभर उघडलं आणि त्यातून एक काटकुळी बाई बादली घेऊन बाहेर आली. मी उभी होते तिथे तिने शेणपाण्याचा सडा मारला. माझ्या पायांवरही मारला. माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही, जशी मी ओटीचाच एक डागाळलेला भाग होते. ही तुळसा. आमची पहिली भेट ती.

मी भडकले. बंद दाराशी उभी राहून मी कायदा म्हणून दाखवला. आजारी पोराला उपचार न देणं हा गुन्हा आहे, मूल आई-बापाच्या मालकीचं नसतं, आजोबाच्या तर नसतंच. आतून येसाजींचा आवाज आला, "मग कुणाच्या मालकीचं? तुझ्या?" वाडीतल्या दहा-बारा बाया जमल्या होत्या, त्या हसल्या. मी मुंबईला किशोरला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, टेन्शन नका घेऊ. बाबा बोलतील तसं. मी संडेला निकलतो." तो दिवस बुधवार होता.

मी खाली आले आणि आधी मुलांच्या मदतीच्या एक शून्य नऊ आठ नंबरला आणि मग जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीतल्या एका बाईंना फोन केला. त्यांनी शांतपणे वय, दिवस, श्वास, सगळं विचारून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या समितीचा आदेश माझ्या मोबाईलवर आला. मुलीला ताबडतोब दवाखान्यात न्यावं, पोलिसांनी मदत करावी. बाईंनी वर सांगितलं, "पोलीस न्या, पण पुढे करू नका. आणि आईला मुलीपासून तोडू नका. ती घाबरलेली आहे, गुन्हेगार नाही." मला ते पटलं नव्हतं. मला त्या दिवशी सगळेच गुन्हेगार दिसत होते.

आदेश पोलादपूरला छापून घेतला. सोबत विनीत नावाचा तरुण कॉन्स्टेबल मिळाला. एकशेआठची गाडी डांबरी रस्ता संपतो तिथे उभी केली. पुढे वीस मिनिटं चढ. त्या दिवशी मी पाण्याशिवाय पोटात काही घेतलं नव्हतं. देवीसाठी नव्हे, दारासाठी. अंगणाच्या कडेला विनीतने बूट काढले. मी त्याच्यावर डोळे वटारले तर म्हणाला, "ताई, तुम्ही जाल. मला इथे परत परत यायचंय." मीही चप्पल काढली. माझ्या चपलेला इतका अपमान कधी वाटला नसेल.

येसाजी उंबऱ्यातच बसले होते. मी आदेश वाचला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतला आणि म्हणाले, "बरं लिवलंय. आता माज्यावर पाय देऊन आत जा." विनीत माझ्याकडे बघायला लागला. सारिका आतून रडत होती आणि मधेच विचारत होती की गाडी किती वेळ थांबेल. म्हणजे तिला यायचं होतं. पण सासऱ्याला ओलांडून सून येणार कशी, आणि देवीला ओलांडून आई येणार कशी. हे दोन उंबरे माझ्या वहीत नव्हते.

मी विनीतला म्हणणारच होते की उचला म्हाताऱ्याला. तेवढ्यात आतून तुळसा बाहेर आली. पाच दिवसांच्या जागरणाने तिचे डोळे खोल गेले होते. ती येसाजींशी बोलली नाही, माझ्याशीही नाही. ऋतिकाला म्हणाली, "गो पोरी, तुजं घड्याळ घेऊन आत ये. मोज."

ऋतिका आत गेली. मी दारातून बघत होते. पोरीच्या छातीचा भाता वरखाली होत होता आणि प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता. ऋतिकाने मिनिटभर मोजलं. अठ्ठावन्न.

"किती असाया पायजे?" तुळसाने विचारलं.

"चाळीसच्या आत."

तुळसाने लिंबाचा पाला पोरीच्या गालावरून फिरवून बघितला. मग उठून येसाजींच्या समोर येऊन उकिडवी बसली. आवाज चढवला नाही. ती त्यांना जे म्हणाली ते मी शब्दाला शब्द सांगू शकते.

"येसाजीदादा, मी इतकी वरसं पाव्हणी बोळवते. कवा कुणाला म्हणाले काय, की मला कळत नाय? आज म्हणते. कालपासून पोरगी लिंबाचा पाला हाताने सारत नाय. आधी सारत होती. पाव्हणी तिच्या अंगात हाय. पोरगी जिथं जाईल तिथं ती जाईल. आपण पाव्हणीला मोटारीतनं नेऊ. दिवस पाळू तिथं. मी पाळीन."

"आणि सुई?" येसाजी म्हणाले.

"सुई आधी माज्या अंगात. कोप व्हायचा तो माज्यावर होऊ दे."

येसाजींनी मान खाली घातली. मग म्हणाले, "मला सांगून काय? तिला सांग."

तुळसा आत गेली, पोरीच्या उशाच्या डहाळ्यापुढे डोकं टेकलं आणि तेच सगळं मोठ्याने, देवीला ऐकू जाईल असं बोलली. बाहेर आली तेव्हा येसाजी उंबऱ्यातून उठून अंगणात गेले होते. वाट मोकळी होती.

सारिकाने पोरीला खांद्यावर टाकलं आणि आम्ही निघणार, तर तुळसा म्हणाली की जरा थांबा, मी घरी जाऊन येते. दहा मिनिटं गेली. मी तिच्या नावाने शंख केला. इथे पोरीचा श्वास जातोय आणि बाईला लुगडी आठवतात. ती धापा टाकत आली तेव्हा हातात लिंबाचे चार डहाळे आणि एक पिशवी, बस्स. मी तिला दोन शब्द सुनावले. ती अनवाणी पुढे चालायला लागली.

महाडच्या सरकारी दवाखान्यात पोरीला वेगळी खोली दिली, नाकाला ऑक्सिजन लावला. न्यूमोनिया झाला होता. सिस्टर सलाईनची सुई घेऊन आली तर तुळसा मधे उभी. आधी मला. सिस्टर म्हणाली, मावशी बाजूला व्हा, असं निरोगी माणसाला काही टोचता येत नाही. सारिका पोरीला कवटाळून बसली. मी सिस्टरशी भांडायला उठले. पण तिथला डॉक्टर, कोवळा पोरगा, तो तुळसाच्या पायांकडे बघत होता. डोंगर अनवाणी उतरताना काटे भरले होते, टाचेतून रक्त येत होतं. तो म्हणाला, "यांना धनुर्वाताचं द्यायलाच पाहिजे. द्या."

तुळसाने दंड पुढे केला, डोळे गच्च मिटले. सुई आत गेली, बाहेर आली. तिने एक डोळा उघडला, मग दुसरा. स्वतःचे हात बघितले. मग म्हणाली, "आता हिला."

संध्याकाळी तिचा दंड सुजला, अंगात कणकण आली. तसं होतंच कधीकधी. सारिकाने तिच्या कपाळाला हात लावून बघितला, आणि मी सारिकाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा सुटका पाहिली. कोप जिथे जायचा तिथे गेला होता. त्यानंतर पोरीला किती सुया टोचल्या, सारिकाने एकदाही हात आडवा केला नाही.

तुळसा खोलीच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसून राहिली. दहीभाताशिवाय काही खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी येसाजी डोंगरावरून डबा घेऊन आले, तेही अनवाणी. बाहेरच्या बाकावर बसले आणि माझ्याकडे पाठ केली. किशोरही रविवारची वाट न बघता आला. चौथ्या दिवशी सकाळी समीक्षाने डोळे उघडले, नाकातली नळी ओढली आणि म्हणाली, "मला वेफर पायजे." सारिका इतकी हसली की सिस्टर धावत आली.

तोच नववा दिवस. तुळसाने डॉक्टरला विचारून पोरीचं अंग लिंबाच्या कोमट पाण्याने पुसलं आणि माझ्याकडून सूप मागवलं. बोळवण करायला शीव कुठली? महाडची शीव तिला माहीत नव्हती. मग आम्ही सावित्रीवर गेलो. सूप माझ्या डोक्यावर. मी, देव न मानणारी शकू, भर बाजारातून दहीभाताचं सूप घेऊन अनवाणी चालले होते आणि ओळखीचे दुकानदार बघत होते. कुणी काही विचारलं नाही. माझं तोंड बघून विचारलं नसावं.

नदीकाठी तिने हात जोडले, पुटपुटली, सूप ठेवलं. मागे न बघता आम्ही वर आलो. माझा जीव हलका झाला होता. मी तिच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "तुळसाबाय, काय डोकं चालवलंस गो. आधी सुई मला. असलं नाटक माझ्या बापाला नसतं सुचलं. म्हाताऱ्याला बरोबर पकडलंस."

ती चालता चालता थांबली.

"नाटक?" ती म्हणाली. "शकू, मला वाटलं मी मरणार."

मी तिच्या पाठीवरचा हात मागे घेतला. माझ्या आयुष्यात असे प्रसंग बोटांवर मोजण्याइतके.

मग तिने मला सांगितलं की वाडीतून निघताना ती घरी कशाला गेली होती. लुगड्यांसाठी नव्हे. शेजारच्या आनंदीबाईला तिने घराची किल्ली दिली. तिच्या सात कोंबड्या आणि एक कोंबडा, तेही दिले. पत्र्याच्या पेटीत वरच्या बाजूला हिरवं लुगडं आहे ते मला नेसवा, असं सांगितलं. लेक कुठे नांदते, तिला कसा निरोप द्यायचा, ते सांगितलं. हे सगळं दहा मिनिटांत. आणि मी अंगणात उभी राहून तिच्या नावाने ओरडत होते.

"मग का केलंस?" मी विचारलं.

"पोरगी चार वरसांची गो," ती म्हणाली. जसं मी काही येडपटासारखं विचारलं होतं. मग चालता चालता तिने न वाचलेल्या पोरांची नावं सांगितली. मी विचारलं नव्हतं. सहा नावं. ती घेऊन होईपर्यंत आम्ही दवाखान्याच्या फाटकाशी आलो होतो.

समितीच्या फाईलमध्ये पुढे लिहिलं गेलं की पालकांच्या संमतीने उपचार झाले, मुलगी बरी आहे, प्रकरण बंद. खोटं काहीच नाही त्यात. मी पण ही गोष्ट तेव्हापासून प्रशिक्षणात सांगत आले, आदेशाची तारीख-वेळेसकट. ऐकणारे टाळ्या वाजवायचे. त्यांना मी कोंबड्यांचं कधी सांगितलं नाही. आज सांगते, कारण खरा आदेश आनंदीबाईच्या दारात निघाला होता असं मला आता वाटतं. माझा कागद नसता तर कदाचित ती बाहेर आली नसती, हेही तितकंच खरं. हे मी सोडणार नाही.

बोळवण झाली त्याच दुपारी मी तिला वाडीवर पोचवायला गेले. येसाजींनी गाडीवाल्याला भाडं आधीच देऊन ठेवलं होतं, मला न सांगता. चढाच्या शेवटाला आलो तर आनंदीबाईच्या घरातून रश्श्याचा वास. पाळणूक नवव्या दिवशी सुटली होती आणि आनंदीबाईने दुपारचा मुहूर्त चुकवला नव्हता.

तुळसा तिच्या अंगणात जाऊन उभी राहिली. कोंबड्या मोजल्या. सात. कोंबडा नाही.

"आनंदे, माजा कोंबडा कुटं हाय?"

आनंदीबाई हातात पळी घेऊन दारात आली आणि तुळसाला बघून भूत दिसल्यासारखी पांढरी पडली. मग म्हणाली, "तूच दिलास ना. परत येईन असं कुटं बोललीस?"

"नाय येणार असं तरी बोलले काय?"

"लुगडं कुठलं नेसवायचं ते सांगून गेलीस! मी काय समजायचं?"

पुढे अर्धा तास दोघी भांडल्या. वाडी गोळा झाली. येसाजींच्या नात्यातली माणसं, काल-परवापर्यंत माझ्याकडे रागाने बघणारी, आता कोंबडा कुणाचा यावर दोन बाजूंना वाटली गेली. कुणी म्हणालं दिलेलं दान परत मागता येत नाही. कुणी म्हणालं माणूस मेलंच नाही तर दान कसलं. मला निवाडा विचारला. मी म्हटलं, या बाबतीत माझ्या वहीत कलम नाही.

शेवटी आनंदीबाईने चुलीवरचं भांडंच उचलून ओटीवर आणून ठेवलं आणि दोन ताटं घेतली. एक तुळसासमोर, एक माझ्यासमोर. तुळसा नऊ दिवसांची दहीभातावर होती. ती रागातच जेवायला बसली. पहिला घास घेतला, चावला आणि आनंदीबाईकडे बघून म्हणाली, "मीठ कमी हाय."